खाऱ्या पाण्यांतील खोटें भक्ष्य

गळानें मासे धरण्याची विद्या फार जुनी आहे. परंतु तिच्या दोन शाखा आहेत, आणि त्यांतील भेद सहसा ध्यानांत घेतला जात नाहीं. एकींत माशाला खरोखरच खाण्याजोगें कांहीं तरी दिलें जातें : कोळंबी, तारलीचा तुकडा, गांडूळ. दुसरींत त्याला कांहींच दिलें जात नाहीं. शिंपल्याची पट्टी, कथलाचा तुकडा, रंगविलेलें लांकूड किंवा पिसांचा झुबका अशी एखादी निर्जीव वस्तु पाण्यांतून अशा रीतीनें ओढली जाते कीं, ती माशाला पळत्या भक्ष्यासारखी भासावी. पहिल्या प्रकारांत वास आणि चव काम करतात व धरणारा स्वस्थ बसूं शकतो. दुसऱ्यांत सारें काम गतीला करावें लागतें. आणि ती गति हात, काठी, रीळ व दोरी यांच्यामधून येत असल्यामुळें साधनांची निवड ही तेथें केवळ हौसेची बाब राहत नाहीं. नदींत निवड चुकली तर मासा निसटतो. समुद्रांत शंभर पौंडांचा कुपा गळाला लागला असतां ती चुकली तर दोरी तुटते, काठी मोडते, आणि पूर्वींच्या काळीं धरणाऱ्याचीं बोटेंहि मोडत.

आज खाऱ्या पाण्यांत असा गळ टाकूं इच्छिणारा मनुष्य साधनांच्या दुकानांत गेला म्हणजे त्याला चार प्रश्न पडतात. दोरी किती पौंडांची? रिळाचा ब्रेक कसा? काठी किती ताठ? आणि भक्ष्य कोणतें? हे प्रश्न कोणा एकानें एका दिवशीं तयार केलेले नाहींत. निरनिराळ्या किनाऱ्यांवर, निरनिराळ्या शतकांत ते उत्पन्न झाले, आणि त्यांतला सर्वांत जुना प्रश्न शेवटचा आहे.

पॅसिफिक महासागरांतील बेटांवरच्या लोकांना पूर्वीं धातु ठाऊक नव्हता. त्यांनीं मोत्याच्या शिंपल्यापासून लहान माशाच्या आकाराची पट्टी घासून काढली, तिच्या मागच्या टोंकाशीं हाडाचा किंवा कांसवाच्या पाठीचा बांकदार कांटा बांधला, आणि कांट्याच्या दोन्ही बाजूंना डुकराचे राठ केस किंवा पिसें खोंवलीं. दोरी ओढली म्हणजे शिंपला हेलकावत चमके आणि मागचे केस शेपटीसारखे हलत. हवाई, ताहिती, सामोआ, टोकेलाउ या सर्व ठिकाणीं थोड्याफार फरकानें हीच रचना आढळते. न्यूझीलंडचे माओरी लोक लांकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीवर पाउआ नांवाच्या निळ्या-हिरव्या शिंपल्याचा थर बसवीत. तो गळ पाण्यांतून ओढला कीं गरगर फिरे. कॅप्टन कुकच्या १७६८ ते १७७९ या काळांतील सफरींत गोळा झालेले पॅसिफिकचे गळ युरोपांतील संग्रहालयांत ठेवलेले आहेत. त्यांचें काम पाहिलें म्हणजे पोलादाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वस्तूंविषयींचा अभिमान थोडा कमी होतो.

हवाईचा मच्छीमार समुद्रावर जातांना एकच शिंपला घेऊन जात नसे. फिकट, करडे, गुलाबी झांक असलेले, हिरवट असे अनेक गळ तो जवळ बाळगी. पक्ष्यांचे थवे ज्या जागीं पाण्यावर झडप घालीत तेथें कुप्यांचा कळप आहे हें ओळखून होडी तिकडे वळे. मग एकामागून एक गळ पाण्यांत धरून पाहिला जाई, आणि त्या दिवसाच्या उजेडांत मासा ज्याकडे धांवेल तोच खरा मानला जाई. आकाश ढगाळ असेल तर एक, ऊन असेल तर दुसरा. भक्ष्याचा रंग पाण्यावर आणि उजेडावर ठरतो हें तत्त्व आजच्या दुकानांतल्या रंगीत डब्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. तें सांगणारे पहिले लोक हे होत.

याच गळाची आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याच्या टोंकाला उलटा कांटा नसे. तो करतां येत नव्हता म्हणून नव्हे, तर नको होता म्हणून. कुप्यांचा कळप होडीजवळ कांहीं मिनिटेंच थांबतो. तेवढ्यांत बांबूच्या काठीला बांधलेली आंखूड दोरी पाण्यांत सोडावयाची, मासा लागतांच त्याला एका हिसक्यानें होडींत घ्यावयाचा, आणि दोरी सैल पडतांच तो आपोआप गळावरून सुटून खालीं पडला पाहिजे; काढीत बसावयास वेळ नाहीं. उलटा कांटा असता तर एक मासा जास्त पक्का धरला गेला असता आणि दहा निघून गेले असते.

हीच पद्धति हिंदी महासागरांतहि आहे, आणि तीहि भारताच्या हद्दींत. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर व त्याच्या दक्षिणेस मालदीव बेटांत कुपे काठीनेंच धरले जातात. आधीं जिवंत लहान मासे समुद्रांत उधळून आणि पाण्याचे शिंतोडे उडवून कळपाला भ्रम पाडावयाचा, आणि मग त्या गोंधळांत उलटा कांटा नसलेला चकचकीत गळ सोडावयाचा. येथें खरें व खोटें अशीं दोन्ही भक्ष्यें एकाच वेळीं वापरलीं जातात. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३-४४ सालीं मालदीवांत काजी होता. तेथील मासा शिजवून, धुरी देऊन व वाळवून हिंदुस्थान, चीन आणि येमेन या देशांकडे पाठविला जातो, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. व्यापार इतका मोठा असल्यावर गळ साधा व झटपट असणें अगत्याचेंच होतें.

खोट्या भक्ष्याचा सर्वांत विलक्षण नमुना मात्र सॉलोमन बेटांचा. तेथें झाडाच्या पानांचा पतंग करून तो होडीवरून उडवीत आणि पतंगाच्या दोरीला खालीं एक झुबका लोंबकळत ठेवीत. हा झुबका कोळ्याच्या जाळ्याचा केलेला असे, आणि त्यांत गळ मुळींच नसे. पतंग वाऱ्यानें खालीवर झाला कीं झुबका लाटांवर उड्या मारी. सुईसारख्या लांब चोंचीचा मासा त्यावर झडप घाली आणि त्याचे बारीक दांत त्या चिवट तंतूंत असे गुंतत कीं त्याला तोंड सोडवितां येत नसे. मराठींत कोळी हा शब्द जाळें विणणाऱ्या किड्याला आणि जाळें टाकणाऱ्या माणसाला एकच आहे. त्या बेटांत हे दोन्ही कोळी खरोखरच एका कामाला लागले होते.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर धातूची कमतरता नव्हती, म्हणून तेथील भक्ष्य धातूचें झालें. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील केप ॲन येथें १८१५ च्या सुमारास मॅकरेल धरणाऱ्यांनीं गळाच्या दांड्याभोंवतीं शिसें-कथील ओतून तो चकचकीत करण्यास सुरुवात केली. मॅकरेल हा बांगड्याच्याच कुळांतला मासा. कथलाचा गळ वरखालीं हलविला कीं तो त्याला लहान माशासारखा दिसे. पुढें याच कथलाच्या लांबट पट्ट्या न्यू इंग्लंडच्या वाळूवरून लाटांत फेंकल्या जाऊं लागल्या. आरंभीं काठीहि नव्हती. मनुष्य गुडघाभर पाण्यांत उभा राही, दोरीचें वेटोळें एका हातांत धरी, आणि टोंकाचा जड तुकडा गोफणीसारखा डोक्याभोंवतीं फिरवून सोडून देई. मग हातावर हात टाकीत दोरी ओढून घेई. रात्रभरांत कथील काळवंडे. तेव्हां सकाळीं किनाऱ्यावर आल्याबरोबर पहिलें काम म्हणजे ओल्या वाळूनें तें घासणें. समईच्या पितळेला चिंच लावणाऱ्या घरांत हें निराळें समजावून सांगावयास नको.

गोड्या पाण्यांत याच सुमारास चमच्याच्या आकाराचें भक्ष्य निघालें. अमेरिकेंतील ज्यूलिओ ब्यूएल यानें १८५२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यांत पडला आणि बुडतां बुडतां मोठ्या माशानें तो गिळला, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती गोड आहे. चमचा मात्र खरा, आणि आजहि तो नदींत व समुद्रांत सारखाच चालतो.

भारतांत काठी व रीळ यांचा प्रसार इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर झाला. मद्रास इलाख्यांतील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचें गळाच्या शिकारीवरील इंग्रजी पुस्तक १८७३ सालीं मंगळूर येथें छापून निघालें. मंगळूरच्या दारांत समुद्र असूनहि या साऱ्या वाङ्मयाचा भर डोंगराळ नद्यांतील महसीरवर होता. त्याच किनाऱ्यावर आणि वर कोंकणांत रापण, पाग आणि हातांतली गरी यांच्यावर लोकांचें पोट चालत होतें. दोघांनाहि एकमेकांच्या साधनांची फारशी जरूर भासली नाहीं.

आतां दोरीकडे वळावयास पाहिजे, कारण शिकारीचा सगळा न्याय पुढें दोरीवरच तोलला गेला. एकोणिसाव्या शतकांतील उत्तम समुद्री दोरी लिननची, म्हणजे अळशीच्या झाडाच्या धाग्यांची, असे. मॅसॅच्युसेट्सजवळच्या कटीहंक बेटावर १८६४ सालीं श्रीमंत शिकाऱ्यांचा एक क्लब निघाला. खडकांवर लांकडी मचाणें बांधून हे लोक पट्टेदार बास नांवाचा मासा धरीत. त्या बेटाचें नांव पुढें लिननच्या दोरीलाच पडलें. ही दोरी सुट्या धाग्यांना पीळ देऊन करीत आणि तिची ताकद धाग्यांच्या संख्येनें सांगत : सहा धागी, नऊ धागी, चोवीस धागी. पुढें जो हिशेब सर्वमान्य झाला त्याप्रमाणें ओल्या स्थितींत दर धाग्याला तीन पौंड धरावयाचे; म्हणजे नऊ धाग्यांची दोरी सत्तावीस पौंडांची. ओल्या स्थितींत असें म्हणण्याचें कारण, लिनन भिजलें म्हणजे अधिक बळकट होतें. पण तोच त्याचा शत्रूहि होता. शिकारीहून आल्यावर दोरी मोठ्या लांकडी चक्रावर उलगडून सावलींत वाळविली नाहीं तर ती आंतून कुजे, आणि तें बाहेरून दिसत नसे. कित्येक मोठे मासे माशाच्या बळानें सुटले नाहींत. आदल्या आठवड्याच्या आळसानें सुटले.

रिळाचा इतिहास घड्याळजींपासून सुरू होतो. केंटकींतील पॅरिस या गांवीं जॉर्ज स्नायडर नांवाच्या घड्याळजीनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दांतेरी चक्रांचें रीळ बनविलें. त्यांत मूठ एकदां फिरविली कीं दोरीचा बॉबिन अनेक वेळां फिरे. खोट्या भक्ष्याला वेग पाहिजे, आणि तो या चक्रांनीं दिला. न्यूयॉर्कच्या व्हॉम होफ घराण्यानें हेंच तंत्र समुद्रासाठीं मोठें केलें. खाऱ्या हवेंत लोखंड टिकत नाहीं म्हणून रिळाच्या बाजू कठीण रबराच्या आणि पट्ट्या जर्मन सिल्व्हरच्या करण्यांत आल्या. हीं रिळें दिसावयास दागिन्यासारखीं असत. परंतु त्यांत एक दोष होता, आणि तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उघडा पडला.

लॉस एंजेलिसच्या समोर सुमारें पंचवीस मैलांवर सांता कॅटॅलिना नांवाचें डोंगराळ बेट आहे. त्याच्या ॲव्हलॉन या बंदरांत १८८६ सालीं चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हा निसर्गशास्त्रज्ञ आला. तेथें येणारे पाहुणे किनाऱ्यावर उभे राहून जाड हातदोऱ्यांनीं वीस-तीस पौंडांचे मासे एकामागून एक ओढून काढीत, आणि खावयाचे नसल्यामुळें ते तेथेंच टाकून देत. होल्डरला या नासाडीचा राग आला. पण त्यानें मासे धरण्याविरुद्ध उपदेश केला नाहीं. उलट साधन हलकें करा, असें सांगितलें. माशाला सुटण्याची संधि राहील इतकी दोरी बारीक करा, म्हणजे दिवसाला पन्नासांऐवजीं एक मासा मिळेल आणि तोहि लक्षांत राहील. १८९८ सालच्या १ जून रोजीं त्यानें स्वतः १८३ पौंडांचा कुपा काठी व रिळानें पावणेचार तासांच्या झगड्यानंतर काढला, आणि त्याच महिन्यांत ॲव्हलॉनच्या ट्यूना क्लबाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षीं कर्नल मोरहाउस यानें २५१ पौंडांचा कुपा काढला.

क्लबाचे नियम कडक होते. मासा लागल्यापासून होडीच्या कडेला येईपर्यंत दुसऱ्या कोणीं काठीला हात लावावयाचा नाहीं. काठी मोडली तर मासा हातांत असूनहि नोंद नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हलक्या साधनाचा वर्ग निघाला : दोरी नऊ धागी, आणि काठीचा पुढचा भाग सहा औंसांहून जड नको. त्याच्याहि पुढें ‘तीन सहा’ नांवाचा वर्ग झाला, त्यांत काठी सहा फुटांहून आंखूड नको, तिचें वजन सहा औंसांहून जास्त नको आणि दोरी सहा धागी. सहा औंसांची काठी म्हणजे घरांतल्या लांब छत्रीहून कितीतरी हलकी. हें सारें वाचतांना कोणाला क्रिकेटच्या बॅटीचे नियम आठवतील. पण बॅटीच्या नियमांनीं चेंडूला कांहीं लाभ होत नाहीं, येथें माशाला होत असे.

आतां तो दोष. कुपा गळाला लागला म्हणजे पहिल्या धांवेंत तो दोनतीनशें यार्ड दोरी ओढून नेतो. त्या रिळांत मूठ बॉबिनला थेट जोडलेली होती. दोरी बाहेर जाऊं लागली कीं मूठ उलट दिशेनें भिंगरीसारखी फिरे, आणि तिच्यांत बोट सांपडलें तर हाड मोडे. माशाला आवरण्याचें साधन म्हणजे बॉबिनवर अंगठ्यानें दाबावयाचा एक कातड्याचा तुकडा. तो तापे, जळे, आणि अंगठा सोलून निघे. म्हणजे क्लबानें माशाला संधि दिली होती, माणसाला दिलेली नव्हती.

यावर तोड काढणारा मनुष्य क्लबाचाच एक सभासद, विल्यम बॉशेन. त्याच्या कल्पनेवरून ज्युलियस व्हॉम होफनें १९१३ च्या सुमारास एक नवें रीळ बनविलें. त्याच्या पोटांत धातूच्या व कातड्याच्या चकत्या एकाआड एक बसविल्या होत्या आणि मुठीजवळ चांदणीच्या आकाराचें एक चक्र होतें. चांदणी आंवळली कीं चकत्या एकमेकींवर दाबल्या जात व घर्षण वाढे. सैल केली कीं कमी होई. मासा ओढूं लागला तर बॉबिन चकत्यांवर घसरत दोरी सोडी, पण मूठ जागच्या जागीं राही. त्याच वर्षीं बॉशेननें कॅटॅलिनाजवळ ३५५ पौंडांचा तलवार मासा काढला. काठी व रिळानें काढलेला तो पहिलाच तलवार मासा होय. अंगठ्याचें काम चकत्यांकडे गेलें, आणि आजच्या प्रत्येक समुद्री रिळांत, मग त्यावर कोणत्याहि कारखान्याचें नांव असो, हीच कल्पना आहे.

मात्र या ब्रेकाबरोबर एक नवा हिशेब आला, आणि नवशिके अजूनहि त्यांत चुकतात. ब्रेक ज्या जोरानें बॉबिनला धरतो तो जोर सारखाच राहतो. पण दोरी जसजशी बाहेर जाते तसतसा बॉबिनवरील वेढ्यांचा व्यास कमी होतो. व्यास निम्मा झाला कीं दोरी ओढण्यास दुप्पट जोर लागतो. म्हणजे मासा दूर गेला असतां, कांहीं न करतांहि, ब्रेक आपोआप घट्ट झालेला असतो. घाबरलेला मनुष्य नेमका त्याच वेळीं चांदणी आणखी आंवळतो आणि दोरी तुटल्याचा आवाज ऐकतो. म्हणून आरंभीं ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्श्यावरच ठेवावा, आणि तोहि अंदाजानें नव्हे तर कांट्याच्या तराजूनें दोरी ओढून पाहून, असा प्रघात पडला.

बॉशेनचा नाखवा जॉर्ज फार्न्सवर्थ याची करामतहि येथेंच सांगण्याजोगी आहे. त्या काळीं कॅटॅलिनास कुप्यांसाठीं उडता मासा होडीमागें ओढीत; तो मेलेला असे, जिवंतपणा द्यावयाचा तो ओढणाऱ्यानें. कुपे होडीच्या आवाजाला बिचकूं लागले तेव्हां १९०९ च्या सुमारास फार्न्सवर्थनें चक्क पतंग उडविला आणि दोरी त्याच्या दोऱ्याला अडकविली. मासा होडीपासून दूर, लाटेवरून लाटेवर उड्या मारीत जाऊं लागला आणि कुपे त्यावर तुटून पडले. सॉलोमन बेटांवरच्या पानांच्या पतंगाचेंच हें तत्त्व. तें त्याला कोणीं सांगितल्याचा पुरावा नाहीं.

क्लबांत धागे मोजले जात असतां समोरच्या सॅन पेड्रो बंदरांत १९०३ सालीं कुप्याच्या जातीचा मासा डब्यांत भरण्यास सुरुवात झाली. त्या धंद्यांत जपानी मच्छीमार आले. त्यांच्या हातांत रीळ नव्हतें कीं ब्रेक नव्हता. होती बांबूची काठी, आंखूड दोरी आणि पिसें बांधलेला, उलटा कांटा नसलेला गळ. पॅसिफिकच्या पश्चिमेकडील जुनें साधन पूर्व किनाऱ्यावर येऊन कारखाने पोसूं लागलें. एक मनुष्य दिवसांत जितके मासे काढी तितके क्लबाच्या सभासदाला सबंध हंगामांत मिळत नसत. पुढें मोठीं वेढा जाळीं आलीं आणि काठीचीहि गरज उरली नाहीं. होल्डरच्या नियमांनीं किनाऱ्यावरची नासाडी थांबविली, हें निःसंशय; समुद्राचा प्रश्न मात्र क्लबाच्या नियमांत मावणारा नव्हता. पिसांचा तो गळ शिकाऱ्यांनीं उचलला आणि ‘जपानी पीस’ या नांवानें तो श्रीमंतांच्या होड्यांमागेंहि धांवूं लागला.

निरनिराळ्या क्लबांचे निरनिराळे नियम एकत्र आणण्यासाठीं १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयांत मायकेल लर्नर यांच्या पुढाकारानें आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. दोरीच्या ताकदीप्रमाणें विक्रमांचे वर्ग पाडण्याची तिची पद्धति आजहि चालू आहे. पण तिच्या जन्माबरोबर युद्ध सुरू झालें, आणि या शौकीन विद्येला एक अनपेक्षित काम लाभलें. विमान पडून किंवा जहाज बुडून तराफ्यावर तरंगत राहिलेल्या माणसाजवळ अन्न नसतें. मग गळाला लावावयास आमिष कोठून आणणार? त्याच्याजवळ खोटें भक्ष्यच असलें पाहिजे. लर्नर यांच्या मदतीनें अशा तराफ्यांवर ठेवण्यासाठीं लहान पुडकीं तयार करण्यांत आलीं. त्यांत दोऱ्या, गळ आणि चकचकीत व केसाळ भक्ष्यें असत. पुडक्यांत जागा थोडी, वापरणारा अडाणी, आणि चुकीची किंमत प्राण. तेथें जें निवडलें गेलें तें बहुतेक पॉलिनेशियन माणसानेंहि निवडलें असतें : चमक, पिसें आणि हातदोरी.

यानंतर बदल इतक्या झपाट्यानें झाले कीं, त्यांची नुसती नोंद केली तरी पुरे. ब्रॅडफर्डजवळचे कापडगिरणीवाले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं १९०५ सालींच असें रीळ काढलें होतें कीं, ज्यांत बॉबिन फिरत नाहीं. गिरणींतल्या बॉबिनवरून सूत जसें टोंकाकडून सुटतें तशी दोरी सुटते. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांना ही कल्पना चटकन समजेल. पण लिननची दोरी त्यावर नीट चालत नसे. १९३८ सालीं ड्यू पाँट कंपनीनें नायलॉन जाहीर केलें, युद्धांत तें पॅराशूटसाठीं गेलें, आणि युद्ध संपल्यावर नायलॉनचा एकेरी धागा व हें रीळ यांची गांठ पडली. दोनतीन औंसांचें भक्ष्य सामान्य माणसाला किनाऱ्यावरून दूर फेंकतां येऊं लागलें. काठीच्या बाबतींत निर्णय राजकारणानें केला. उत्तम काठ्या ‘टोंकिन’ म्हणविणाऱ्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून करीत; तो बांबू टोंकिनचा नसून दक्षिण चीनचा असे. १९५० च्या अखेरीस अमेरिकेनें चिनी मालावर बंदी घातली आणि कांचतंतूच्या काठ्यांना बाजार मोकळा मिळाला. इंग्लंडांत फार्नबरो येथें विमानांसाठीं सिद्ध झालेला कार्बनचा तंतु १९७० नंतर काठ्यांत आला. हवाईच्या कोना बंदरांत हेन्री ची या नाखव्यानें प्याल्यांत पारदर्शक राळ ओतून भक्ष्याचीं डोकीं घडविलीं आणि त्यांच्या मागें झालरी बांधल्या. शिंपला त्याच समुद्रांत पुन्हां नव्या वेषांत अवतरला.

१९९० नंतर आलेली विणलेली पॉलिएथिलिनची दोरी ही या मालिकेंतली अलीकडची वस्तु. ती नायलॉनच्या मानानें फार बारीक असते आणि जवळजवळ ताणत नाहीं. खोलांतल्या भक्ष्याला दिलेला हिसका तिच्यामधून तसाच पोंचतो. परंतु माशाचा हिसकाहि तसाच परत येतो. नायलॉनचा ताण पूर्वीं जो धक्का गिळीत असे तो आतां काठीच्या बांकाला आणि ब्रेकाला गिळावा लागतो. म्हणून अशा दोरीबरोबर फार ताठ काठी घेणें हें धोक्याचें, आणि ब्रेक अडखळत सुटणारा असेल तर त्याहून धोक्याचें. दुकानदार दोरीची ताकद सांगतो; ब्रेक किती मऊ सुटतो हें मात्र घेणाऱ्यानें स्वतः दोरी ओढूनच पाहावें.

मालवणपासून गोव्यापर्यंतच्या खाड्यांत आतां लांकडाचे व प्लॅस्टिकचे मासे फेंकून चोणक आणि तांबोशी धरणारे हौशी लोक दिसतात. चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. हा खडकांच्या व खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला राहतो आणि गळ लागतांच तिकडेच धांवतो. तेथें होल्डरची बारीक दोरी कामाची नाहीं. पहिल्या दहा हातांतच त्याला वळवावें लागतें, म्हणून दोरी जाड, काठी आंखूड व ब्रेक घट्ट. उलट मोकळ्या समुद्रांत सुरमईसाठीं दोरी बारीक व लांब चालते, कारण अडथळा कोठेंच नाहीं; पण सुरमईचे दांत कात्रीसारखे असल्यामुळें भक्ष्याच्या पुढें हातभर पोलादी तार पाहिजे. कॅटॅलिनाच्या शिकाऱ्यांनीं तीच तार पियानोच्या कारखान्यांतून मिळविली होती. एकाच गांवांत, एकाच दिवशीं, खाडीसाठीं एक व समुद्रासाठीं दुसरें साधन लागतें. आणि दोन्हीकडे चालेल असें म्हणून जें विकलें जातें तें बहुधा दोन्हीकडे अपुरें पडतें. लिननची दोरी वाळविण्याचें चक्र आतां कोणी वापरीत नाहीं. रीळ मात्र घरीं आल्याबरोबर गोड्या पाण्यानें हलकेंच धुवावें लागतें, आणि धुतांना चांदणी आंवळून ठेवावी लागते. नाहीं तर पाणी चकत्यांत शिरतें.